रजेच्या मधला रविवार: साप्ताहिक सुट्टी, सण आणि पगाराचा हिशेब

एका कामगाराने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका कारखान्यात मासिक पगारावर असलेल्या या कामगाराने २९ एप्रिल, बुधवार ते ५ मे, मंगळवार अशी पीएल, म्हणजे पगारी अर्जित रजा घेतली. मध्ये १ मेची सुट्टी शुक्रवारी आली आणि ३ तारखेला रविवार. कंपनीने रजेच्या खात्यातून सरळ सात दिवस वजा केले. त्याच्याच लाइनवरच्या एका मित्राची रजा संपली होती. तो एका शनिवारी आणि पुढच्या सोमवारी कामावर आला नाही, तर मधल्या रविवारसकट तीन दिवसांचा पगार कापला गेला. तिसरी तक्रार ठेकेदाराकडच्या पोरांची: रोजंदारीवर आहेत, रविवारचा छदामही मिळत नाही. तर या तिन्हींत कंपनी बरोबर की चूक?

पहिल्यात कंपनी चूक आहे, त्यात फार वाद नाही. दुसऱ्यातही माझ्या मते चूक आहे, पण तिथे जरा आकडेमोड करून दाखवावी लागेल. तिसऱ्याचं उत्तर मात्र त्या पोरांचा रोज कसा काढला आहे, त्यावर ठरेल. रोज न बघता "रविवारचा पगार मिळालाच पाहिजे" असं म्हणून भांडायला गेलात तर ठेकेदार एक कागद दाखवेल आणि तुम्ही गप्प व्हाल.

आधी एक घोळ बाजूला काढू. रजा किती गेली आणि पगार किती मिळाला, हे दोन वेगळे हिशेब आहेत. एक रजा कार्डावर चालतो, दुसरा पगारपत्रकावर. कार्डावर रविवार रजा म्हणून चढला म्हणजे पगार कापला असं नाही, आणि रविवारचा पगार मिळाला म्हणजे रजा वाचली असंही नाही. कामगार तक्रार घेऊन येतात तेव्हा निम्म्या वेळा हे दोन एकमेकांत मिसळलेले असतात, आणि पगार बनवणारा माणूस त्याचाच फायदा घेऊन "तुमचा पगार तर पूर्ण दिलाय की" असं म्हणून वाटेला लावतो.

आता पहिली गोष्ट, अर्जित रजा. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ७९ मध्ये ही रजा होती: वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक दिवस. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात साफ लिहिलं होतं की ही रजा सर्व सुट्ट्या वगळून मोजायची, मग त्या सुट्ट्या रजेच्या मध्ये येवोत की दोन्हीपैकी कुठल्याही टोकाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेच्या कलम ३२ मध्ये पात्रतेचे दिवस २४० वरून १८० वर आले. वीस दिवसांना एक हा दर मात्र तोच राहिला आणि सुट्ट्या वगळण्याची ओळही तशीच आली. म्हणजे कायदा बदलला म्हणून रविवार रजेत धरायला कंपनीला मुभा मिळाली, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

तुमच्या बाबतीत: बुधवार, गुरुवार, शनिवार, सोमवार, मंगळवार. पाच दिवस. शुक्रवार ही १ मेची सुट्टी आणि रविवार ही साप्ताहिक सुट्टी, दोन्ही बाहेर. दोन दिवस रजेच्या खात्यात परत यायला हवेत. टोकाचं उदाहरणही लक्षात ठेवा. सोमवार ते शनिवार रजा घेतली तर सहा दिवस जातात. आधीचा रविवार आणि नंतरचा रविवार पकडून आठ करणारे महाभाग मी पाहिलेत.

इथे एक पोटप्रश्न निघतो. १ मे ही तुमच्या कारखान्याची सुट्टी आहे कशावरून? कारखाने कायद्यात सणांच्या सुट्ट्यांची यादी नव्हती. ती येते स्थायी आदेशातून (कारखान्याच्या प्रमाणित सेवाशर्तींतून), युनियनच्या करारातून किंवा वर्षानुवर्षांच्या प्रथेतून. बहुतेक ठिकाणी डिसेंबरात पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांचा कागद नोटीस बोर्डावर लागतो. त्याचा फोटो काढून ठेवा. कार्यालय, दुकान, आयटी कंपनी, हॉटेल असं असेल तर महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ आहे आणि त्यात मात्र वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या लिहून ठेवल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि आणखी चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. गणपती, दसरा, दिवाळी याच चारांत बसवायच्या असतात. तिथेही अर्जित रजेला सुट्ट्या वगळण्याचंच तत्त्व आहे. शिवाय त्या कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, दर तिमाहीला जमा होणाऱ्या आणि वर्षअखेर न वापरल्यास बुडणाऱ्या. त्या आठांत रविवार मोजायचा प्रकार काही कंपन्यांच्या नियमपुस्तिकेत असतो. मला तो अजिबात पटत नाही. जो दिवस मुळात सुट्टीचा आहे त्या दिवसासाठी रजा मागायची कशाला आणि द्यायची कशाला?

साप्ताहिक सुट्टी म्हणजे रविवारच असं धरू नका. पिंपरी, भोसरी पट्ट्यात गुरुवारी बंद असणारे कारखाने पुष्कळ आहेत, आणि तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या ठिकाणी प्रत्येकाचा वार वेगळा. ज्याची सुट्टी गुरुवारी, त्याच्या रजेतला गुरुवार वगळायचा आणि रविवार रजेत मोजायचा. रजेच्या आठवड्यात पाळीचा तक्ता बदलला असेल तर रजा मंजूर झाली त्या दिवशी लागलेला तक्ता बघा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण मस्टरवर "सासु" (साप्ताहिक सुट्टी) कुठल्या चौकटीत पडलंय यावरून पूर्ण दिवसाचा फरक पडतो.

मासिक पगारवाल्याला या रविवारचा आणि १ मेचा पगार मिळतो का, हा प्रश्नच उरत नाही. महिन्याचा पगार पूर्ण महिन्याचा असतो, त्यात सुट्ट्या आल्या. पाच दिवस पगारी रजा, दोन दिवस पगारी सुट्टी, बाकी हजेरी. पगारपत्रकावर कपात शून्य.

आता दुसरी गोष्ट, तुमच्या मित्राची. शनिवार खाडा, सोमवार खाडा, मधला रविवारही कापला. पगार बनवणाऱ्यांच्या भाषेत याला सँडविच म्हणतात. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक खूण करायची सोय असते. कोणीतरी पहिल्या दिवशी ती खूण केलेली असते आणि पुढे वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही.

वेतन प्रदान अधिनियम १९३६ च्या कलम ९ मध्ये गैरहजेरीच्या कपातीला एक मर्यादा घातली होती आणि वेतन संहिता २०१९ च्या कलम २० मध्ये तीच पुढे आली आहे. मर्यादा अशी: कपातीचं पगाराशी प्रमाण हे गैरहजेरीच्या काळाचं, ज्या काळात काम करणं बंधनकारक होतं त्या काळाशी असलेल्या प्रमाणापेक्षा जास्त असता कामा नये. वाक्य अवघड आहे, म्हणून आकड्यात बघू. ३० दिवसांचा महिना, चार रविवार, म्हणजे काम करायचे दिवस २६. पगार २६,००० रुपये धरू, हिशेब सोपा जातो. तुमचा मित्र २६ पैकी २ दिवस आला नाही. जास्तीत जास्त कपात २६,००० चे २६ भाग करून दोन भाग, म्हणजे २,००० रुपये. कंपनीने काय केलं? ३० ने भागून तीन दिवस कापले: २,६०० रुपये. सहाशे जास्त गेले. काही ठिकाणी तर भागायला २६ घेतात आणि दिवस मात्र रविवार धरून तीन मोजतात. मग ३,००० जातात. हे तर उघडउघड लुबाडणं झालं, कारण २६ ने भागलं याचा अर्थच रविवार हिशेबातून आधी काढून टाकला.

रविवारी काम करणं बंधनकारक नव्हतं. मग त्या दिवशी तो गैरहजर कसा? कंपनीची बाजू मांडणारे म्हणतील की तीनही दिवस सलग गेले, मुळात सुट्टी लांबवायलाच खाडा केला. असेल. त्यासाठी ताकीद द्या, कारणे दाखवा नोटीस द्या, हजेरी भत्ता ठेवा आणि तो त्या महिन्यात देऊ नका. पण पगार कापून शिस्त लावायची मुभा कायदा सहजी देत नाही. आणि जिथे द्यायची तिथे तो तसं लिहितो. त्याच कलम ९ च्या परंतुकात दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमताने, नोटीस न देता आणि सबळ कारण नसताना गैरहजर राहिल्यास, कराराच्या अटींत तसं असेल तर, आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो असं म्हटलं होतं. एकट्या माणसाच्या शनिवार-सोमवारच्या खाड्याला असं काहीही नाही.

गंमत म्हणजे पूर्ण आठवडा बिनपगारी गेला की सँडविचचा वाद जवळजवळ विरून जातो. सोमवार ते शनिवार सहा दिवस खाडा: २६ पैकी ६, म्हणजे ६,००० रुपये. रविवार धरून ३० पैकी ७ केले तरी ६,०६७. फरक ६७ रुपयांचा. महिन्यात ३१ दिवस आणि पाच रविवार असतील तर ३१ पैकी ७ हे कामगाराच्या फायद्याचंसुद्धा पडतं. म्हणून लांब बिनपगारी रजेत मी रविवारवरून भांडत बसत नाही. झळ बसते ती एक-दोन दिवसांच्या खाड्याला. आणि अशा खाड्याला मागे बहुतेक वेळा आजारी मूल किंवा गावाकडचं लग्न असतं.

हेही लक्षात घ्या की २६ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयात महिन्याला काम करायचे दिवस २२ असतील तर एका दिवसाच्या खाड्याला २२ वा भाग कापता येतो. म्हणजे २६,००० वाल्याचे १,१८२ रुपये. आरडाओरडा करण्याआधी आपल्या नियुक्तिपत्रात भागाकार कशाने लिहिलाय ते बघा. बऱ्याच कंपन्या सरसकट ३० किंवा महिन्याचे दिवस घेतात आणि रविवार मोजत नाहीत, तो कामगाराला सगळ्यात स्वस्त पडतो. माझा आक्षेप भाजकाला नाही, एकाच पगारपत्रकावर दोन भाजक वापरण्याला आहे. कापताना २६ आणि शिल्लक रजेचे पैसे देताना ३०, हा खेळ इतका सर्रास चालतो की नोकरी सोडताना हिशेबाचा कागद हातात आला की आधी तेवढंच तपासा. २६,००० पगारावर दिवसाला १,००० आणि ८६७ असा फरक आहे. तीस दिवसांची रजा शिल्लक असेल तर चार हजारांचा घास.

तिसरी गोष्ट, रोजंदारी. इथे लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज असतो. कारखाने कायद्याच्या कलम ५२ ने साप्ताहिक सुट्टी दिली होती, पण ती पगारी असेल असं त्यात लिहिलेलं नव्हतं. सुट्टीच्या दिवसाच्या मोबदल्याची गोष्ट किमान वेतन अधिनियम १९४८ च्या कलम १३ मधून आली आणि आता वेतन संहितेत आहे. पण केंद्राच्या किमान वेतन नियमांमध्ये तिथेच एक खुंटी मारलेली होती: मासिक दराला २६ ने भागून रोज काढला असेल आणि तो ठरलेल्या किमान रोजापेक्षा कमी नसेल, तर सुट्टीच्या दिवसाचे वेगळे पैसे देय नाहीत. कारण रविवारचे पैसे सहा दिवसांच्या रोजात आधीच पसरून टाकलेले असतात. महाराष्ट्रातही किमान वेतनाचा रोज मासिक दराला २६ ने भागूनच काढतात.

म्हणून ठेकेदाराला "रविवार का देत नाही" असं विचारू नका. "रोज कशाने काढला" असं विचारा. समजा मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून त्या कामाचा मासिक दर १५,६०० रुपये आहे. २६ ने भागला तर रोज ६००. पोरगा २६ दिवस भरतो, १५,६०० घेतो, रविवार त्यात आला. ठेकेदाराने ३० ने भागून रोज ५२० लावला आणि रविवारही दिला नाही, तर २६ दिवसांचे १३,५२० होतात. महिन्याला २,०८० रुपये गायब. हे २,०८० म्हणजे बरोबर चार रविवारांचे ५२०. हे गणित पोरांना हजेरी कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने मांडून दाखवलं की लगेच कळतं. आधी मात्र त्या कामाच्या प्रकाराचा आणि परिमंडळाचा चालू दर काढून घ्या. महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, जुना दर घेऊन गेलात तर हिशेब तिथेच फसतो.

रोजंदारीवाल्याला पगारी रजाही मिळते, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. पात्रतेचे दिवस भरले की तोही कामगारच. त्याने पाच दिवस अर्जित रजा घेतली तर पाच रोज मिळतील. मधला रविवार रजेत मोजला जाणार नाही आणि रोज २६ ने काढला असेल तर त्याचे वेगळे पैसेही मिळणार नाहीत. हे दिसायला अन्यायकारक वाटतं, पण हिशेबाला धरून आहे. पीस रेटवाल्याचं, म्हणजे नगावर मजुरी घेणाऱ्याचं, जरा वेगळं. कारखाने कायद्याच्या कलम ८० मध्ये रजावेतन ठरवण्याची पद्धत होती: रजेच्या लगेच आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची पूर्णवेळ कमाई, महागाई भत्त्यासह, ओव्हरटाइम आणि बोनस सोडून, तिची दिवसाची सरासरी. भागायचं ते काम केलेल्या दिवसांनी, महिन्याच्या दिवसांनी नव्हे. पीस रेटवर १८ दिवसांत १२,६०० कमावले तर रजेचा दिवस ७०० चा, ४२० चा नाही. त्याच कायद्यात चार किंवा अधिक दिवसांची रजा मंजूर झाल्यास रजेचे पैसे रजेवर जाण्याआधी द्यायची तरतूदही होती. ती मी फार थोड्या ठिकाणी पाळलेली पाहिली.

मंजूर रजा आणि खाडा यांतला फरक रोजंदारीत फार जाणवतो. सुट्टीच्या दिवसाचे पैसे मिळायला सलग सहा दिवस काम भरावं लागेल, ही त्या केंद्रीय नियमांतली अट होती. पण त्या सहा दिवसांत मालकाने दिलेली रजा किंवा सुट्टी, पगारी असो की बिनपगारी, कामाचा दिवस म्हणूनच धरायची असं त्याच नियमाच्या स्पष्टीकरणात होतं. खाड्याला हे संरक्षण नाही. म्हणून ज्यांच्याकडे रविवार वेगळा दिला जातो त्यांनी रजेचा अर्ज दिल्याशिवाय घरी बसू नये. तोंडी सांगितलं, मुकादम "हो" म्हणाला, एवढ्यावर विसंबू नका. व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकल्या तरी चालतील, पण लेखी हवं.

आजारपणाची रजा असेल तर राज्य कामगार विमा योजना मध्ये येते, म्हणजे आपलं ईएसआय. सध्या २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले त्यात आहेत. आजारपणाचा लाभ सरासरी रोजाच्या ७० टक्के, आणि तो दाखल्यावरच्या कॅलेंडरच्या दिवसांनी मिळतो, रविवारसकट. एक अट अशी की ज्या दिवशी मालकाकडून पगारी रजेचा किंवा पगारी सुट्टीचा पगार घेतला त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. तेव्हा ईएसआयच्या दाखल्यावर सलग दहा दिवस घरी असलेल्याने मधल्या रविवारसाठी कंपनीकडे हात पसरू नये, आणि कंपनीनेही तो रविवार पगारी दाखवून त्याचा लाभ अडवू नये. पगारपत्रकात हा एक दिवस इकडचा तिकडे झाला की कामगाराला शाखेत दोन फेऱ्या जादा होतात.

प्रसूती रजेत रविवारचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कोइमतूरच्या कामगार न्यायालयातून निघालेला, एका मळ्यातल्या कामगार बाईचा तो खटला. बी. शाह विरुद्ध पीठासीन अधिकारी या नावाने १९७७ चा निकाल आहे. मालकाचं म्हणणं, रविवार बिनपगारी असतो, मग प्रसूतीच्या आठवड्यांत तो का द्यायचा? न्यायालयाने सांगितलं, आठवडा म्हणजे सात दिवस, रविवारही त्यात आला. आज २६ आठवड्यांची रजा धरली तर १८२ दिवस होतात. ६०० रुपये रोजाने काम करणाऱ्या बाईला १,०९,२०० रुपये. रविवार वगळले असते तर १५६ दिवसांचे ९३,६०० झाले असते. रोजंदारीतल्या बायकांच्या बाबतीत हा हिशेब आजही चुकीचा होतो, कारण पगार बनवणारा हाताला लागलेली २६ ची सवय इथेही चालवतो.

सरकारी कर्मचाऱ्यांनी मात्र वरचं सगळं स्वतःला लावून घेऊ नये. त्यांचा मार्ग महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ चा. तिथे अर्जित रजेच्या मध्ये आलेले रविवार रजेत मोजले जातात; सवलत आहे ती रजेच्या आधी आणि नंतर सुट्टी जोडून घेण्याची. किरकोळ रजेत मधल्या सुट्ट्या मोजत नाहीत. घरात नवरा जिल्हा परिषदेत आणि बायको कंपनीत असली की या फरकावरून दरवर्षी मे महिन्यात वाद होतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. कंपनीतल्या मॅनेजर, सुपरवायझर मंडळींचंही वेगळं. नव्या संहितेत पर्यवेक्षी कामावर असलेला आणि महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त घेणारा "कामगार" धरत नाहीत. त्यांनी नियुक्तिपत्र आणि कंपनीचं रजा धोरण काढून वाचावं. तिथे सँडविच लिहिला असेल आणि खाली सही केलेली असेल तर कलम ३२ दाखवून फारसं काही पदरात पडणार नाही.

सण रविवारीच आला तर? बदली सुट्टी मिळेलच असा हक्क कायद्यात शोधत बसू नका. करारात किंवा सुट्ट्यांच्या यादीत असेल तर मिळते. हुशार युनियन डिसेंबरात यादी ठरवतानाच रविवारी पडणारा सण सोडून दुसरा वार घेतात. आणि रजेवर असताना सुट्टीच्याच दिवशी कामावर बोलावलं तर जाण्याआधी एक ओळ लेखी मागा: हे काम सुट्टीच्या दिवशीचं आहे आणि त्याचा मोबदला दुप्पट दराने की बदली सुट्टीने. नंतर "तुम्ही रजेवर होता, मस्टर बंद झालंय" हे उत्तर ठरलेलं असतं.

आणखी एका गैरसमजाबद्दल दोन शब्द: रजा कमावतानाही रविवार कामाचे दिवस म्हणून धरतात, असं काहींना वाटतं. अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रविवार आणि पगारी सुट्ट्या "प्रत्यक्ष काम केलेल्या" दिवसांत धरल्या होत्या. बरोबर. पण तो निकाल कामावरून काढताना सलग सेवेचे २४० दिवस मोजण्याबद्दल आहे. रजा कमावताना, म्हणजे वीसाला एक करताना, रविवार त्यात घालून मागणी केलीत तर टिकणार नाही. तिथे काम केलेलेच दिवस. ले-ऑफ (काम नसल्याने मालकाने तात्पुरतं बसवलेले दिवस), प्रसूती रजा आणि घेतलेली अर्जित रजा हे पात्रतेसाठी धरतात, पण त्या दिवसांवर नवी रजा चढत नाही.

आता तुम्ही करायचं काय. रजा कार्डाची किंवा पोर्टलवरच्या शिल्लक रजेची प्रत काढा, मंजूर झालेला अर्ज जोडा, सुट्ट्यांच्या यादीचा फोटो जोडा. मनुष्यबळ विभागाला एक छोटं पत्र द्या: अमुक तारखांच्या रजेत १ मे व ३ मे हे सुट्टीचे दिवस रजेत धरले गेले आहेत, ते दोन दिवस खात्यात जमा करावेत. अन्याय, शोषण, न्यायालयात खेचीन असले शब्द पहिल्या पत्रात घालू नका. अशा तक्रारी बऱ्याचदा इथेच मिटतात, कारण समोरच्याला माहीत असतं की चूक सॉफ्टवेअरच्या खुणेत आहे आणि ती शंभर जणांना लागू आहे. मित्राने वेगळं पत्र द्यावं, त्यात २,६०० कापले, देय कपात २,००० आणि फरक ६०० एवढंच मांडावं. दोन पत्रं एकत्र करू नका. एक रजेचं आहे, दुसरं पगाराचं, आणि एकत्र केलीत तर उत्तर येताना सोप्या भागाचंच येतं.

पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही तर सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. वेतनाच्या दाव्याला जुन्या कायद्यात बारा महिन्यांची मुदत होती, वेतन संहितेत ती तीन वर्षांची आहे. त्यामुळे मित्राने मागच्या पगारपत्रकांतून शनिवार-सोमवारचे आणखी खाडे शोधावेत. ठेकेदाराच्या पोरांनी अर्ज करताना मूळ कंपनीचंही नाव त्यात घालावं, कारण ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर ते द्यायची जबाबदारी तिच्यावर येते. ही ओळ वाचल्यावर ठेकेदाराचा भाजक ३० चा २६ होताना मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिला आहे.